काळी सैनिक माशी

मुलांनो, लातूरची गंजगोलाई किंवा नांदेडचा इतवारा तुम्ही पाहिला असेल. बाजार उठला, की तेथे सडकी फळे आणि भाजीचा पाला पडून राहतो. असा ओला कचरा खड्ड्यात टाकला, तर त्याचे खत होते. हे काम गांडुळे करतात, जिवाणू करतात आणि एका माशीच्या अळ्याही करतात. तिचे नाव काळी सैनिक माशी.

ही माशी मूळची अमेरिका खंडातील. आता ती भारतासह जगातील अनेक उष्ण देशांत आढळते. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ साली तिची नोंद केली. ती काळी व लांबट असते. प्रथम ती गांधीलमाशीच वाटते, म्हणून लोक तिला मारायला धावतात. पण थांबा, नीट पाहा! गांधीलमाशीला चार पंख असतात, हिला दोनच. हिला नांगी नसते. ही चावतही नाही. गांधीलमाशीसारखे रूप हेच तिचे संरक्षण.

मादी कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत सुमारे ५०० अंडी घालते. सुमारे चार दिवसांत अळ्या बाहेर पडतात. त्या दोन-तीन आठवडे कचरा खातात. नंतर कोरड्या जागी जाऊन कोष करतात. कोंबड्या व मासे या अळ्या आवडीने खातात. जेथे या अळ्या भरपूर असतात, तेथे घरमाश्या कमी होतात. म्हणून खतात अळ्या दिसताच त्यांवर उकळते पाणी ओतू नका.

सैनिक माश्यांच्या अडीच हजारांहून अधिक जाती आहेत. ही एक जात उपयोगी ठरली, म्हणून तिचा अभ्यास झाला. ब्रुनेटी यांनी १९२० साली भारतातील माश्यांवरील ग्रंथात या कुळातील अनेक जातींचे वर्णन केले. पण वर्णन म्हणजे जीवनकथा नव्हे. कित्येक जातींच्या अळ्या कोठे राहतात, काय खातात, हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

गोदावरी किंवा मांजरेच्या काठी, शाळेच्या बागेत तुम्हांला अशी माशी दिसली, तर तिला मारू नका. पंख मोजा. तारीख व जागा वहीत लिहा. चित्र काढा. अभ्यासाची सुरुवात अशीच होते.

स्वाध्याय

१. सैनिक माशी व गांधीलमाशी यांतील फरक सांगा.
२. काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आपल्या कोणत्या उपयोगी पडतात?
३. आठ दिवस एका कीटकाचे निरीक्षण करून पाच वाक्ये लिहा.