लाइफ कोच व्हायचे आहे? आधी आपली मर्यादा ओळखा

‘लाइफ कोच’ हा शब्द आता लहान गावांतही कानी पडू लागला आहे. ‘लोकांना चार धीराचे शब्द सांगायचे, त्यात काय अवघड?’ असे वरवर वाटते. परंतु हे काम माणसाच्या मनाशी निगडित असल्याने त्याचा विचार आरोग्याच्या दृष्टीने करणे आवश्यक आहे.

लाइफ कोच म्हणजे कोण?

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. ते रोगनिदान करून औषधे देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. लाइफ कोच आजारावर उपचार करीत नाही. नोकरीतील बदल, निवृत्ती, वेळेचे नियोजन अशा प्रश्नांत तो निरोगी माणसाला स्वतःचा निर्णय घ्यायला मदत करतो. या कामासाठी आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही. म्हणूनच प्रशिक्षण घेण्याची जबाबदारी स्वतःवर येते. १९९५ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था आपल्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठीही किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव मागते.

सल्ला नव्हे, प्रश्न

समजा, एक दुकानदार म्हणाले, ‘रोज फिरायला जायचे ठरवतो, पण जमत नाही.’ ‘पहाटे पाचला उठा,’ हा सल्ला त्यांना घरीही मिळतो. कोचने विचारावे : दुकान कधी बंद होते? झोपायला किती वाजतात? आठवड्यातून कोणते दिवस मोकळे मिळतात? उत्तरे देता देता ‘तीन दिवस, वीस मिनिटे, दुपारी दुकान उघडण्यापूर्वी’ असा मार्ग ते स्वतःच काढतात. स्वतः ठरवलेली गोष्ट अधिक टिकते.

कुठे थांबावे?

हेच दुकानदार म्हणाले, ‘दिवसभर गळून गेल्यासारखे वाटते, वजन वाढले, कशात मन लागत नाही,’ तर त्यांना उत्साहाचे धडे देऊ नयेत. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव किंवा मधुमेह यांमुळेही थकवा येतो. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला सांगावे.

पुढील लक्षणे दिसल्यास विलंब करू नये :

१. दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटणे, कशातच रस न राहणे.

२. झोप आणि भूक बिघडणे.

३. जगण्यात अर्थ नाही, अशी भाषा.

पहिली दोन लक्षणे नैराश्याची असू शकतात, आणि नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. तिसरे लक्षण दिसताच त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. घरच्यांना सांगून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मदत मिळते, मराठीतही बोलता येते.

स्वतःचेही आरोग्य

दिवसभर इतरांची दुःखे ऐकून मन थकते. म्हणून दिवसाच्या भेटी मोजक्या ठेवाव्यात, दोन भेटींत थोडी विश्रांती घ्यावी आणि अधूनमधून एखाद्या अनुभवी व्यक्तीशी आपल्या कामाविषयी बोलावे. लहान गावात सारे एकमेकांना ओळखतात. त्यामुळे नातेवाइकांना शक्यतो दुसऱ्याकडे पाठवावे. जिवाला धोका असल्याचा प्रसंग सोडून ऐकलेली गोष्ट, नाव न घेतासुद्धा, बाहेर सांगू नये. सुरुवातीला मिळकत अनिश्चित असते. हातातली नोकरी घाईने सोडू नये. पैशाची ओढाताण असली की आलेल्या माणसाला विनाकारण अडकवून ठेवण्याचा मोह होतो.

या कामातले यश किती माणसे आली यावर मोजू नये. आपल्याकडे आलेला माणूस काही महिन्यांनी स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ लागला, किंवा आपण वेळेवर डॉक्टरांकडे पाठवल्यामुळे बरा झाला, तर काम चोख झाले असे समजावे. खरे समाधान त्यातच आहे.