हृदय डावीकडेच का? माशाच्या अंड्यातून मिळालेलं उत्तर

लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव या भागातल्या वस्त्यांमध्ये महिलांची आरोग्य बैठक घेतली की एक प्रश्न हमखास येतो. बाळाच्या हृदयात दोष निघाला, तो कशामुळे? त्यावर उत्तर देणारेही तिथेच असतात. कोणी म्हणतं, ग्रहणात सुरी हातात घेतली. कोणी म्हणतं, आईने खाऊ नये ते खाल्लं. बोट शेवटी सुनेकडेच जातं. म्हणून बाळाचं शरीर घडताना काय होतं ते या वेळी नीट समजून घेऊ.

वरून पाहिलं तर आपलं शरीर दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. आत मात्र तसं नाही. हृदय डावीकडे झुकलेलं, यकृत उजवीकडे, जठर आणि प्लीहा डावीकडे. गर्भ सुरुवातीला दोन्ही बाजूंना सारखाच असतो. मग डावं कोणतं आणि उजवं कोणतं, हे त्याला कळतं कसं?

याचं बरंचसं उत्तर झेब्रा माशाने दिलं. अंगावर निळसर पट्टे असलेला हा बोटाएवढाही नसलेला मासा मूळ आपल्याच देशातल्या ओढ्या-नाल्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगेतल्या माशांच्या पुस्तकात त्याची नोंद केली. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्या हृदयावर काम चालतं. माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांची जोडीदार जनुकं या माशात सापडतात. त्याची अंडी आईच्या पोटाबाहेर वाढतात आणि काचेसारखी पारदर्शक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली हृदय घडताना डोळ्यांनी दिसतं.

अंडं फळल्यानंतर साधारण 12 तासांनी गर्भाच्या शेपटीकडच्या टोकाला पाण्याने भरलेली एक इवलीशी पिशवी तयार होते. जर्मन शास्त्रज्ञ कुप्फर यांच्या नावाने ती ओळखली जाते. पिशवीच्या आतल्या पेशींवर अतिशय बारीक केस असतात, त्यांना सिलिया म्हणतात. हे केस भोवऱ्यासारखे गरगर फिरतात, पण सगळे एकाच दिशेने. त्यामुळे आतलं पाणीही गोल फिरू लागतं. पिशवीच्या पुढच्या भागात केस जास्त दाट असतात, म्हणून तिथला डावीकडे जाणारा प्रवाह जोरदार होतो. त्यानंतर गर्भाच्या फक्त डाव्या बाजूला एक जनुक जागं होतं. त्याचा निरोप पुढे जातो आणि साधारण 24 तासांच्या सुमारास हृदयाची नळी डावीकडे सरकते. नंतर ती वळते, तिचे कप्पे होतात.

हे केस फिरलेच नाहीत तर? शास्त्रज्ञांनी तेही करून पाहिलं. काही माशांचं हृदय डावीकडे गेलं, काहींचं उजवीकडे, काहींचं मधेच राहिलं. दिशा सांगणारं कोणी उरलं नाही.

माणसाच्या गर्भातही अशाच केसांची जागा असते. उंदराच्या गर्भातला असा प्रवाह जपानी शास्त्रज्ञांनी 1998 साली दाखवला. साधारण 10 हजारांत एका माणसाचे सगळे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात. त्यातले बरेच जण निरोगी आयुष्य जगतात. त्यांनी एवढंच करावं, की प्रत्येक डॉक्टरला आधी तसं सांगावं. त्यांचं अपेंडिक्स डावीकडे दुखतं, ईसीजीच्या पट्ट्याही उलट्या लावाव्या लागतात. अवयव अर्धे उलटे, अर्धे सुलटे झाले तर मात्र हृदयात गंभीर दोष असू शकतात.

असेच केस नाकात आणि फुप्फुसांतही असतात, तिथे ते कफ बाहेर ढकलतात. जन्मापासून सतत वाहणारं नाक, न थांबणारा ओला खोकला, पुन्हा पुन्हा फुटणारा कान आणि हृदय उजवीकडे, असं मूल असेल तर छातीच्या तज्ज्ञांना दाखवाच. हा आजार बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावर होतो. म्हणून दोष एकट्या आईचा कधीच नसतो. मामाची मुलगी करण्याच्या रीतीत असे दोन जनुक एकत्र येण्याची शक्यता वाढते, हेही घराघरात बोललं पाहिजे.

हृदयाचे सगळेच दोष या केसांमुळे होतात असं नाही. पण एक गोष्ट पक्की. माणसाच्या गर्भाचं हृदय चौथ्या आठवड्यातच धडधडू आणि वळू लागतं. तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. नंतर आलेलं ग्रहण हृदय उलटं करू शकत नाही. ग्रहण म्हणजे सावली, तिला सुरी लागत नाही.

करायचं ते आधी करा. लग्न झालेल्या मुलींची साखर तपासा. मधुमेह आटोक्यात नसेल तर बाळाच्या हृदयाला धोका वाढतो. दिवस राहण्याआधीच रुबेलाची लस आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांबद्दल आशाताईंना विचारा. 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. बाळ दूध पिताना दमतं, घामाघूम होतं, ओठ निळे पडतात, वजन वाढत नाही, अशी लक्षणं दिसली तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलं तपासतं. हृदयाचा दोष सापडल्यास पुढच्या उपचारांसाठी पाठवणं हे त्यांचं काम आहे आणि ते मोफत आहे. हा आपला हक्क आहे, तो मागून घ्या.

आणि पुढच्या वेळी कोणी सुनेला बोल लावला, तर तिच्या बाजूने उभं राहून ही माशाची गोष्ट सांगा.