धरले आणि सोडले

समजा, आपल्या गावात चोरी झाली. रात्रीतून एका विहिरीवरची मोटार गेली. सकाळी मालकाने ठाण्यात फिर्याद दिली. दुपारी पोलीस आले आणि एका गड्याला घेऊन गेले. तो रात्री त्या शिवारात दिसला होता, असे कोणी तरी सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गडी घरी परत आला.

झाले! पारावर बोलणे सुरू झाले.

एक म्हणाला, "धरलं त्या अर्थी काही तरी केलंच असणार. आगीशिवाय धूर निघत नाही."

दुसरा म्हणाला, "मग सुटला कसा? हात ओले केले असतील."

तिसरा म्हणाला, "पोलिसांना तरी कुठं काय कळतं? उगीच धरायचं आन् सोडायचं."

अशी बोलणी आपण नेहमी ऐकतो. कधी आपणही बोलतो. पण कायदा काय सांगतो, ते आज नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट. अटक म्हणजे शिक्षा नव्हे. शिक्षा देण्याचा अधिकार फक्त न्यायालयाला आहे. पोलिसांचे काम तपास करण्याचे. अटक ही तपासातली एक पायरी आहे. संशयाला काही आधार असेल, तर पोलीस माणसाला धरू शकतात. तो पळून जाऊ नये, पुरावा नाहीसा करू नये, साक्षीदाराला धमकावू नये, यासाठी अटक असते. प्रत्येक वेळी अटक केलीच पाहिजे असेही नाही. ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यात अटकेची गरज का पडली ते पोलिसांना लिहून ठेवावे लागते. गरज नसेल तर नोटीस देऊन चौकशीला बोलवायचे. साधी चोरी अशाच गुन्ह्यांत मोडते.

मग धरलेल्या माणसाला सोडतात का?

शेतात पीक उभे दिसते, पण मळणी झाल्यावरच दाणा किती आणि भुसा किती ते कळते. तपासाचेही तसेच आहे. आपल्या गड्याने सांगितले, "मी त्या रात्री पाहुण्यांच्या गावी लग्नात होतो." पोलिसांनी तिथे विचारले. पाच जणांनी तेच सांगितले. ज्याने त्याला पाहिले म्हणून सांगितले होते, तो आता म्हणतो, "अंधार होता, चेहरा नीट दिसला नाही." मोटारही त्याच्या घरी सापडली नाही. मग उरले काय? नुसता भुसा!

कधी संशय फिटत नाही, पण पुरावाही मिळत नाही. तरीही सोडावे लागते. संशयावर खटला उभा राहत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुलीसुद्धा न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. मारून मुटकून कोणाकडूनही काहीही वदवून घेता येते, म्हणून कायद्याने ही काळजी घेतली आहे.

शिवाय घड्याळ चालूच असते. आपली राज्यघटना १९५० साली अमलात आली. तिच्या बाविसाव्या कलमात लिहिले आहे की, अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. पुढे ठेवायचे तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. पुरेसा पुरावा नसेल, तर पोलिसांनी त्याला जातमुचलक्यावर किंवा जामिनावर सोडले पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू आहे. त्यातही हेच सांगितले आहे, आणि त्याआधीच्या कायद्यातही हेच होते.

मात्र सगळे सुटणे सारखे नसते. असे सोडलेल्या माणसाला बोलावणे आले तर हजर राहावे लागते. नवा पुरावा मिळाला तर पुन्हा अटकही होऊ शकते. न्यायालयाने जामीन दिला, तर खटला संपलेला नसतो. आणि खटला चालून न्यायालयाने निर्दोष ठरवले, तर ते खरे सुटणे.

आता हेही खरे, की काही वेळा चुकीची धरपकड होते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या पारधी समाजावरही तो शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा गेला. पण कुठे चोरी झाली की पहिला संशय पालावर जायचा, ही खोड अजून पुरती गेलेली नाही. ती पोलिसांतही आहे आणि आपल्यातही आहे. जात पाहून धरणे म्हणजे तपास नव्हे.

म्हणून आपले हक्क पाठ ठेवू. अटकेचे कारण विचारता येते. घरच्यांना किंवा मित्राला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. वकिलाचा सल्ला घेता येतो. डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. अगदी अपवाद सोडला, तर बाईमाणसाला सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अटक करता येत नाही. वकिलाला पैसे नसतील, तर १५१०० या क्रमांकावर फोन करावा. सरकारी खर्चाने वकील मिळतो. सोडण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर १०६४ वर लाचलुचपत विभागाला कळवावे. पारावर कुजबुजून काही होत नाही.

शेवटी आपल्या गड्याचा विचार करू. ठाण्यातून तो एका दिवसात सुटला. पण गावातून सुटला का? त्याला कोणी कामावर घेत नाही. दुकानदार उधार देत नाही. लेकीची ठरत आलेली सोयरीक मोडते. पोरांना शाळेत "चोराची पोरं" म्हणतात. पोलिसांना पुरावा मिळाला नाही, न्यायालयाने शिक्षा दिली नाही, आणि आपण मात्र जन्मठेप दिली! हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

चोर सापडलाच पाहिजे. आपल्याला खरोखर काही दिसले असेल, तर ते पोलिसांना जरूर सांगावे. जेवढे दिसले तेवढेच सांगावे, पदरचे घालू नये. आणि जो सुटून आला, त्याला उद्या सकाळी कामावर हाक मारावी.

विचार करा व सांगा

१. अटक आणि शिक्षा यांत फरक काय?
२. संशय असूनही पोलीस माणसाला का सोडतात?
३. २४ तासांचा नियम कशात सांगितला आहे?
४. तुमच्या गावात कोणी असा सुटून आला, तर तुम्ही त्याच्याशी कसे वागाल?