निकाहची साक्ष आणि व्हिसाची कागदपत्रे

रमजानचे अखेरचे दिवस होते. अल्लाहचे प्रेषित (स.) मस्जिदीत एतिकाफला बसले होते. हजरत सफिया (रजि.) रात्री त्यांना भेटावयास आल्या. त्या परत निघाल्या तेव्हा प्रेषित (स.) त्यांना पोहोचवण्यासाठी उठले. वाटेत दोन अन्सारी सहाबी समोरून गेले व त्यांनी पावले उचलली. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले आणि सोबतची स्त्री आपली पत्नी सफिया असल्याचे सांगितले. सहाबी संकोचले, प्रेषितांविषयी शंका त्यांच्या मनाला शिवणेही शक्य नव्हते. तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावले की, शैतान माणसाच्या अंगात रक्तासारखा फिरतो आणि तो मनात काही वाईट टाकील अशी भीती वाटली. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

हा प्रसंग आठवण्याचे कारण एक तक्रार आहे. ज्या घरांतील मुली लग्नानंतर आखातात, इंग्लंडला किंवा अमेरिकेला जातात, त्या घरांत ती नेहमी ऐकू येते. निकाह जमातीसमोर झाला, इजाब-कबूल झाले, महर ठरला, आता परक्या देशाच्या अधिकाऱ्याने "हे लग्न खरे कशावरून?" असे विचारावे, हा अपमान नव्हे काय?

तक्रार अगदी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेत १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी हसन इसप यांच्या पत्नी बाई मरियम यांच्या प्रकरणात निकाल दिला. ज्या धर्मात एकाहून अधिक पत्नींना मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह तेथील कायद्याने विवाहच नाही, असे ठरले आणि बाई मरियम यांना पत्नी म्हणून देशात प्रवेश मिळाला नाही. एका निकालाने हजारो हिंदू, मुस्लिम व पारशी स्त्रिया कायद्याच्या नजरेत पत्नी उरल्या नाहीत. गांधीजींच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या, कस्तुरबा तुरुंगात गेल्या, आणि १९१४ च्या कायद्याने एका पत्नीपुरती मान्यता मिळाली. इंग्लंडमध्येही १९९७ पर्यंत असा नियम होता की, लग्नाचा मुख्य हेतू त्या देशात शिरणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करावे. मनातला हेतू सिद्ध कसा करावयाचा? तो नियम रद्द झाला, हे योग्यच झाले.

पण आजचा प्रश्न बहुतांशी वेगळा आहे. नाते खरे आहे काय आणि ते नांदते आहे काय, एवढे विचारले जाते. याला शरीअतची हरकत असण्याचे कारण दिसत नाही. दिव्य कुरआनने निकाहला पक्का करार म्हटले आहे (सूरह अन-निसा : २१). साक्षीदारांवाचून तो होत नाही, आणि तो जाहीर करण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल-बकरा : २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा रोख आहे. उधारीसाठी एवढी काळजी, तर ज्या करारावर वारसा, महर, इद्दत आणि संततीची ओळख उभी आहे त्याचा कागद घडी पडून कपाटात कुजू द्यावा काय?

दुर्दैवाने आमचे निकाहनामे घाईत लिहिले जातात. वधूचे नाव एका कागदावर बानो, दुसऱ्यावर बी, पासपोर्टवर तिसरेच. तारीख केवळ हिजरी, साक्षीदारांचे पत्ते अपुरे, महरच्या रकान्यात नुसते "ठरल्याप्रमाणे". माहुलमध्ये तर आणखी एक अडचण आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या पाडल्यावर २०१७ पासून कित्येक कुटुंबे येथील इमारतींत आली. निकाहनाम्यावर जुना पत्ता, आधारवर नवा, शिधापत्रिकेवर कोणता तरी मधलाच. अधिकाऱ्याला यात लबाडी दिसते. वास्तविक ते विस्थापन असते. अशा वेळी जागेचे वाटपपत्र जोडून एका साध्या पत्रात हा क्रम सांगितला की गुंता सुटतो.

नोंदणीविषयी आमच्यात एक गैरसमज आहे की ती निकाहची जागा घेते. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या प्रकरणात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्यास सांगितले. मात्र त्याच निकालात म्हटले की, नोंदणी हा वैध विवाहाचा स्वयंसिद्ध पुरावा नव्हे, पुरावा म्हणून तिचे मोल मोठे आहे. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा लागू आहे. विवाहापासून ९० दिवसांच्या आत तीन साक्षीदारांसह निबंधकासमोर जातीने हजर राहावयाचे असते; मुंबईत हे काम महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात होते. निकाहच्या दिवशीच तिसरा साक्षीदार कोण, हे ठरवून ठेवावे. प्रमाणपत्र परदेशी वापरावयाचे तर परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर लागते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेले प्रकरण उद्बोधक आहे. ठाण्यातील एका मुस्लिम गृहस्थाचा अल्जीरियन स्त्रीशी झालेला तिसरा विवाह नोंदवण्यास महापालिकेने नकार दिला होता. मुस्लिम पुरुषाच्या एकाहून अधिक विवाहांची नोंद करण्यास राज्याचा कायदा आड येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पण येथील नोंद म्हणजे तेथील व्हिसा नव्हे. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्यापासून, एक पत्नी तेथे असताना दुसरीला पत्नी म्हणून प्रवेश मिळत नाही. म्हणून अर्जात पहिला विवाह लपवणारे लोक असतात. ती खोटी साक्ष आहे, आणि साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी न्यायावर ठाम राहण्याची आज्ञा आहे (सूरह अन-निसा : १३५).

दूरध्वनीवरील निकाहचे काय? १९९० मध्ये जेद्दाच्या फिकह अकादमीने आधुनिक साधनांवरील करारांना मान्यता देताना निकाह वगळला, कारण त्यात साक्षीदारांची अट आहे. बहुतेक उलेमा यावर वकिलाचा मार्ग सांगतात : दूर असलेल्या वराने येथे एखाद्याला वकील नेमावे आणि इजाब-कबूल एकाच मजलिसीत साक्षीदारांसमोर व्हावे. शरीअतच्या दृष्टीने निकाह झाला. अमेरिकेचा कायदा मात्र, वधू-वर एकमेकांसमोर हजर नसताना झालेला विवाह, त्यानंतर प्रत्यक्ष सहवास घडल्यावाचून मानत नाही; आणि इंग्लंडला दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. म्हणजे वराने एकदा यावेच. तिकिटाचे पैसे वाचवून पुढे वर्ष घालवण्यात शहाणपण नाही.

पुरावा कोणता द्यावा, यातही मर्यादा आहे. पती-पत्नी परस्परांचा पेहराव आहेत (सूरह अल-बकरा : १८७); त्यांचे खाजगी संदेश फाइलमध्ये लावण्याची गरज नाही. पतीने दरमहा पाठवलेल्या नफक्याच्या बँक नोंदी, प्रवासाची तिकिटे, कॉलच्या तारखांची यादी, वलीम्यातील दोन्ही घरांची छायाचित्रे एवढ्याने काम भागते. परद्याच्या कारणाने वधूचे छायाचित्र काढलेच नसेल तर तसे लिहावे आणि हजर असलेल्या वडीलधाऱ्यांची शपथपत्रे द्यावीत.

आता कटू विषय. व्हिसापुरता "कागदी निकाह" करण्याचे प्रस्ताव आमच्या वस्त्यांतही येतात. पैसे मिळतील, दोन वर्षांनी सोडून देऊ, असे सांगितले जाते. हदीसनुसार निकाह, तलाक आणि रुजू या तीन गोष्टी थट्टेने केल्या तरी खऱ्याच ठरतात. म्हणजे साक्षीदारांसमोर कबूल म्हटले की ती मुलगी खरोखर विवाहित झाली. तिचा महर देणे आले, सहवास घडला असेल तर तलाकनंतर इद्दत आली, पती मरण पावला तर वारसा आला. आणि त्या बंधनातून सुटल्यावाचून दुसरा निकाह केला तर तो हराम. मुदत उघड ठरवली असेल तर असा निकाह बहुतेक फुकहांच्या मते बातिलच. दोन्ही वाटांनी नुकसान मुलीचेच होते, आणि अर्जातील खोटेपणा उघड झाला तर परतीचे दारही बंद होते.

मुलाखतीत एक साधा प्रश्न हमखास येतो : महर किती आणि तो मिळाला काय? कित्येक मुली अशा वेळी वडिलांच्या तोंडाकडे पाहतात. महर तिचा आहे (सूरह अन-निसा : ४), रक्कम तिला ठाऊक असावी, आणि निकाहनाम्याची एक प्रत तिच्या स्वतःच्या पेटीत असावी.