मोटर बंद करणारं माणूस

चिमे, काल फोनवर तू तीनदा 'काही नाही गं' म्हणालीस, तेव्हाच मला कळलं. पाचवा महिना लागलाय आणि माझ्या अंगावरच्या गाठींचं तुला काहीतरी विचारायचंय. मग विचार की! मला वाईट वाटेल म्हणून तू गप्प बसतेस आणि रात्री मोबाइलवर जुने काळे-पांढरे फोटो बघतेस. आधी ते बंद कर. तो 'हत्तीमाणूस' म्हणून दाखवतात ना, इंग्लंडचा जोसेफ मेरिक, त्याला माझा आजार कितीतरी वर्षं उगाच चिकटवला होता. १९८६ मध्ये डॉक्टरांनीच लिहिलं, की त्याला हा नसावा, प्रोटियस नावाचा वेगळाच असावा.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुला माझं हे एनएफ, म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस, नसेल, तर तुझ्याकडून ते बाळाला जाऊच शकत नाही. मावशीकडून भाचरांकडे असं ते येत नाही, पिढी गाळून उडीही मारत नाही. ज्याच्याकडे सदोष जनुक आहे त्याच्या अंगावर खुणा दिसतातच, कुणाच्या दोन-चार गाठी, कुणाच्या शेकडो. बहुतेकांच्या अंगावर काही ना काही खुणा तर आठव्या वर्षापर्यंतच दिसतात. तू अठ्ठावीसची आहेस आणि लहानपणी मीच तुला न्हाऊ घातलंय. दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग, काखेतल्या बारीक चट्ट्यांची रांगोळी, यातलं तुझ्याकडे काहीच नव्हतं. तरी मनाची खात्री हवी असेल, तर माझ्या जनुकातली नेमकी चूक तपासणीत सापडलेली आहे. तीच तुझ्यात आहे का, एवढंच बघायचं. थोडं रक्त दिलं की झालं.

आईला मात्र अजून वाटतं, की माझ्या वेळी तिने ग्रहणात भेंडी चिरली. आत्या म्हणते, नात्यातल्या लग्नामुळे झालं. अगं, नात्यातल्या लग्नाने वाढतात ते आजार वेगळे, त्यात दोन्हीकडून सदोष प्रत यावी लागते. इथे एकच पुरते. आणि एनएफच्या साधारण निम्म्या माणसांत ती कुणाकडूनच आलेली नसते, नव्यानेच घडते. माझी तशीच. आई-बाबांना डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, काही मिळालं नाही. भेंडी निर्दोष सुटली, पण आईला कोण पटवणार?

पेशीत नक्की काय होतं, ते मला कळलं आपल्या जुन्या चाळीच्या मोटरवरून. आठवतं? टाकी भरली, पाणी गच्चीवरून वाहायला लागलं, की चारही मजल्यांवरून एकच ओरडा व्हायचा, 'मोटर बंद करा!' पेशीतही 'वाढ, वाढ' असा निरोप आला की रास नावाचं बटण चालू होतं, आणि काम झालं की ते बंद करणारं कुणीतरी लागतं. न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन त्या बंद करणाऱ्यांतलं. त्याचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर, ते १९९० मध्ये सापडलं. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती, म्हणजे मोटरीवर दोन माणसं. माझ्याकडे जन्मापासून एकच. नसेभोवतीच्या एखाद्या पेशीत तेही गळालं, की तिथे टाकी वाहते. तीच गाठ.

बटण तेच, पण बिघाडाची जागा वेगळी, असे आजारांचे भाऊबंदही आहेत. नूनन सिंड्रोममध्ये जणू कुणीतरी बटण दाबून ठेवलेलं असतं, म्हणून मुलांची उंची कमी राहते, हृदयाच्या झडपेचा त्रास होतो. लेजियसमध्ये माझ्यासारखेच डाग, पण गाठी नाहीत. म्हणून नुसते डाग मोजून कुणी निकाल दिला, तर ऐकू नकोस.

माझ्या लेकीला आहे, लेकाला नाही. दर बाळंतपणात छापा-काटा नव्याने. एकाला झालं म्हणजे दुसरं सुटलं, असा हिशेब नसतो. तिच्या पहिल्या वाढदिवसाआधीच पाच मिलिमीटरहून मोठे सहा डाग मोजले, तेव्हा मी न्हाणीघरात बसून रडले. ते तुला कधी सांगितलं नव्हतं. मग उठले आणि वही केली. दरवर्षी डोळ्यांची तपासणी, कारण काही मुलांत दृष्टीच्या नसेवर गाठ येते. रक्तदाब. पाठीचा कणा. आणि शाळा! गणितात मागे पडते म्हणून बाईंनी तिला आळशी ठरवलं होतं. एनएफच्या निम्म्याअधिक मुलांना शिकताना अडचण येते, हे मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा तिला परीक्षेत जास्त वेळ मिळाला. नसांच्या जाळ्यासारख्या पसरणाऱ्या, कापून काढता न येणाऱ्या गाठींवर २०२० मध्ये अमेरिकेत सेल्युमेटिनिब या औषधाला मुलांसाठी मान्यता मिळाली. ते बटणाच्या पुढचा पाइप आवळतं. तिला अजून गरज पडलेली नाही.

माझं म्हणशील तर स्तनाची तपासणी मी तिशीपासूनच करून घेते, एनएफ असलेल्या आम्हा बायकांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका तरुणपणी जास्त असतो. बाकी मी ठणठणीत आहे. लग्नाआधी मात्र स्थळं बघायला यायची तेव्हा आई मला मे महिन्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालायची. घामाने जीव जायचा. तुझ्या दाजींना मी पहिल्याच भेटीत बाही वर करून दाखवली. ते म्हणाले, "दुखतं का?" बस्स, एवढंच.

आता खरी गोष्ट. तुझ्या सासूबाईंनी डोहाळजेवणाला मला जरा लांबच बसवायचं ठरवलंय, हे मला कळलंय. तू त्यांच्याशी भांडू नकोस, मीच बोलेन. त्यांना भीती आहे, दुष्टावा नाही. पण रविवारी तुझी ओटी मीच भरणार. हिरवं पोलकं शिवायला टाकलंय, बिनबाह्यांचं.