फीचा तक्ता पाहून मागे फिरू नका

बारावीचा निकाल लागतो तेव्हा आपल्या घरांत पैशाचा सगळ्यात जास्त खडखडाट असतो. कापसाचा पैसा देण्याघेण्यात आणि लग्नकार्यांत गेलेला. जूनमध्ये बियाणं, खत, मजुरी. पीककर्ज मिळालंच तर तेही वावरात जातं. आता नालवाडीत वावरवाले थोडे उरले, वर्धा शहर आपल्या अंगणात येऊन बसलं. पण एमआयडीसीत, बांधकामावर, दुकानात रोजीनं जाणाऱ्यांनाही पावसाळा काही सुखाचा नसतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत कॉलेजची ऍडमिशन उभी राहते.

मी वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर नोकरी केली. तिथून एक गोष्ट दरवर्षी दिसायची. बाप आणि पोरगी फलकासमोर उभे राहतात, फीचा तक्ता वाचतात, बाप हळूच म्हणतो, "एवढे पैसे कुठून आनू?" आणि दोघं खिडकीपर्यंत न येताच परत जातात. पुढे कळतं, पोरीनं इंजिनिअरिंगचं नाव सोडलं, घराजवळ मिळेल तिथं नाव टाकलं. बी.ए., बी.एस्सी. हलकी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण जे शिकायचं होतं ते फक्त त्या तक्त्यामुळे सोडायचं? आणि तेही त्यातली बहुतेक रक्कम आपल्याला भरायचीच नसताना?

तक्त्यावर छापलेली फी वेगळी आणि आपल्या खिशातून जाणारी वेगळी. समजा, एखाद्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची शिकवणी फी ८०,००० रुपये आहे आणि विकास शुल्क ८,०००. खुल्या प्रवर्गातला मुलगा असेल, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी कॅप फेरीतून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) झाला असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिकवणी फी सरकार भरतं. म्हणजे त्याला ४८,००० पडतील. त्याच वर्गात त्याच्या शेजारी ओबीसीची मुलगी बसली असेल, घरची कमाई तेवढीच, तर तिला फक्त ते ८,००० आणि किरकोळ. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी निम्मीच माफ होती. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाच्या लेकरांना पूर्ण फीची सवलत त्याच्याही आधीपासून आहे, मुलगा असो की मुलगी.

जुन्या माणसांना यातलं काही नवं वाटणार नाही. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला १,२०० रुपयांच्या आत कमाई असणाऱ्यांच्या मुलांना फीमाफी मिळाली आणि 'ईबीसी' हा शब्द गावोगाव पोचला. आजही माझ्याकडे येणारे आजोबा शाहू महाराजांच्या योजनेला ईबीसीच म्हणतात. म्हणू द्या.

आता ज्यानं सगळ्यात जास्त घरं फसतात ते सांगते. ही सवलत जागेला चिकटलेली असते. सीईटी दिली, कॅपमध्ये नाव नोंदवलं, फेरीतून जागा मिळाली, तर सवलत. निकालानंतर घरी फोन यायला लागतात, "सीट पक्की करून देतो, फेऱ्यांच्या भानगडीत कशाला पडता?" त्या पक्क्या सीटा बहुतेक व्यवस्थापन कोट्यातल्या किंवा संस्था पातळीवरच्या असतात आणि त्यांच्यावर फीमाफी लागत नाही. खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यांचंही मुलींच्या फीमाफीत तेच. एजंटला हे पक्कं ठाऊक असतं, तुम्हाला नसतं, एवढाच त्याचा धंदा. त्यामुळे कोणी कितीही गोड बोललं तरी दोन प्रश्न विचारा. ही जागा कॅपची आहे का? शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर या कॉलेजचं आणि या अभ्यासक्रमाचं नाव दिसतं का? उत्तर देताना समोरचा विषय बदलायला लागला तर चहा न घेता उठा.

कागदांकडे येऊ. आपली लेकरं मार्कांत कमी पडत नाहीत, कागदांत अडकतात. आणि कागद जूनमध्ये जमवायचे नसतात, लेकरू अकरावीत गेलं की सुरुवात करायची असते. उत्पन्नाच्या दाखल्याचं सोपं आहे: पटवाऱ्याचा अहवाल, सेतूत अर्ज, तहसीलदारांची सही. नॉन-क्रिमीलेअर मात्र तारीख पाहून घ्या, प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. मोठ्या पोरीच्या वेळचं ट्रंकेतून काढून धाकट्याला लावता येत नाही. अनुसूचित जाती-जमातींना हा कागद लागत नाही.

खरी दमछाक जात वैधता प्रमाणपत्राची. शाळेच्या टी.सी.वर जात लिहिली म्हणजे काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. जात पडताळणी समिती विचारते ते वेगळंच: ठरावीक तारखेच्या आधीपासून तुमचं घराणं इथलंच आणि याच जातीचं असल्याचा कागद आहे का? ती तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे शोधायचा कागद लेकराचा नाही, आजोबा-पणजोबांचा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो. गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल काढायची. ती नक्कल हातात आली की बाप घाबरतो, कारण तिच्यात आडनावच नसतं. 'अमका वल्द तमका', पुढे जात, गाव, जन्माची तारीख, बस. त्या काळी आडनाव लिहायची रीतच नव्हती, म्हणून घाबरण्याचं कारण नाही. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडून तो 'अमका' म्हणजे आपलाच पणजोबा, हे दाखवायचं असतं. घरात वडिलांची, काकाची किंवा आत्याची वैधता आधीच निघाली असेल तर निम्मं ओझं उतरलं. भाऊबंदकीचा वाद असला तरी त्या एका कागदासाठी काकाच्या दारी जा. मी असे अबोले सुटलेले पाहिलेत.

सरकार काही वर्षी वैधतेला मुदत वाढवून देतं. त्या भरवशावर बसणारे मात्र दरवर्षी ऑगस्टमध्ये जिल्हा समितीच्या जिन्यात बसलेले दिसतात.

प्रवेश झाला, मग महाडीबीटीचा अर्ज. नवा असेल तर फ्रेश, पुढच्या वर्षी रिन्युअल. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही, दरवर्षी भरावाच लागतो. भरून झाला की तो कॉलेजच्या लिपिकाकडे, तिथून प्राचार्यांकडे, मग खात्याच्या जिल्हा कार्यालयात. कुठं तरी एक कागद पुसट निघतो आणि अर्ज 'सेंड बॅक' होऊन विद्यार्थ्याच्या लॉगिनला परत येतो. त्या लॉगिनचा पासवर्ड नेट कॅफेवाल्यानं टाकलेला, ओटीपी जुन्या मोबाइल नंबरवर जाणारा. अर्ज तसाच पडून राहतो, मुदत निघून जाते आणि मार्चमध्ये घरचे म्हणतात, सरकारनं दिले नाहीत. पासवर्ड लेकराच्या वहीत लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदा स्टेटस पाहायला लावा.

बँक खात्याचंही तसंच. पैसा पासबुकाची झेरॉक्स पाहून येत नाही, आधारला ज्या बँकेचं खातं जोडलेलं आहे तिथं जातो. कधीतरी कोणत्यातरी योजनेसाठी शून्य रुपयांचं खातं काढलेलं असतं, आधार त्याच्याशी जोडलेलं राहतं आणि शिष्यवृत्ती तिथं जाऊन बसते. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय एवढंच विचारा. आणि आधारवरचं नाव मार्कशीटवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, एका ठिकाणी सासरचं, असंही फार असतं.

फी माफ झाली तरी पोट माफ होत नाही, हेही खरं. नागपुरात किंवा पुण्यात खोली, मेस, पुस्तकं, एसटीचं भाडं कोण देणार? आधी समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज भरायचा. तिथं नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूर, पुणे, मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिकांच्या शहरांत ५१,०००, बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००, असे तिचे दर ठरले आहेत. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं निर्वाह भत्ता आहे. नोंदणीकृत म्हणजे कार्डवाले. बांधकामावर वीस वर्षं घाम गाळला, पण मजुराचं कार्ड काढलं नाही, तर उपयोग नाही. हे कार्ड आज काढा, लेकरू आठवीत असलं तरी.

या पैशांची वेळ मात्र वाईट आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. हप्ता वर्ष सरता सरता येतो, कधी पुढच्या वर्षात जातो. तोवर कॉलेज फीसाठी मागे लागतं, काही ठिकाणी हॉल तिकीट अडवायची भाषा होते. अशा वेळी भांडायला जाऊ नका, पण गप्पही बसू नका. अर्जाची पावती आणि हमीपत्र जोडून प्राचार्यांना लेखी द्या, एक प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना. लेखी गेलं की भाषा बदलते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतर मिळणाऱ्या भारत सरकार शिष्यवृत्तीत आणखी एक मेख आहे. २०२१ नंतर केंद्राचा साठ टक्के वाटा कॉलेजऐवजी थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात फीचेही पैसे असतात आणि ते सात दिवसांत कॉलेजला भरायचे असतात. खात्यात एकदम पैसे दिसले की घरात चार गरजा उभ्या राहतात, मी समजू शकते. पण त्यातला निर्वाह भत्ता तेवढा आपला, बाकीचा नुसता आपल्या दारातून पुढे जाणारा. तो फवारणीत गेला तर शेवटच्या वर्षी टी.सी. हातात येत नाही.

कधी कधी एखादे आजोबा मला म्हणतात, सरकारपुढे हात कशाला पसरायचा? नालवाडीत हा प्रश्न यावा यात नवल नाही. १९३२ साली विनोबा इथं राहायला आले ते कताईच्या कमाईवर जगून पाहायला. तो ताठपणा या मातीत आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण आजोबा, तेलाच्या पिशवीवर आणि पोराच्या वहीवर तुम्ही जो कर भरता, त्यातूनच ही फी जाते. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती दिली म्हणून बाबासाहेब कोलंबियाला पोचले. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी आपल्या मागून येणाऱ्यांसाठी सरकारकडून शिक्षणाचा पैसा मागून घेतला, आणि १९४४ मध्ये मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच आज आपण भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो. त्यांनी तो हक्कानं मागितला, उपकार म्हणून नाही.

राहिलं कर्ज. वरच्या सगळ्यातून भागलं नाही तरच त्याचा विचार करा, आणि केलाच तर सावकाराच्या आधी बँकेत जा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत निवडक नामांकित संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती मिळत नसेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे सही करायच्या आधी पाहा.

एक शेवटचं. दाखल्यांच्या कागदांसाठी तहसीलला जाताना लेकराला घरी ठेवू नका. पुष्कळ बाप एकटेच रांगेत उभे राहतात, पोरीला म्हणतात, तू अभ्यास कर. एक दिवस अभ्यास बुडाला तरी चालेल. कोणत्या खिडकीवर काय मिळतं, अर्ज परत आला तर कोणाला भेटायचं, घरचं उत्पन्न किती आणि फी किती, हे तिला ठाऊक असू द्या. दुसऱ्या वर्षीचं रिन्युअल तिलाच भरायचं आहे, आणि तेव्हा ती नागपूरच्या होस्टेलात असेल, तुम्ही इथं.