कापसाचा पैसा जूनपर्यंत पुरावा



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा पैसा दिवाळीनंतर हाती येतो. बियाणे-खताचा खर्च मात्र जूनमध्ये उभा राहतो. तोवर हात रिकामा झाला, की आपल्याला सावकाराच्या दारात जावे लागते. महिन्याला शेकडा 5 रुपये व्याज म्हणजे 100 रुपयांवर वर्षाला 60 रुपये! म्हणून चुकारा मिळताच बियाण्याचे पैसे आधी बँकेत बाजूला ठेवावेत. लग्नकार्य, कपडालत्ता नंतर. बचत गटातील 10 भगिनींनी दरमहा 100 रुपये टाकले, तर वर्षाला 12,000 रुपये जमतात. अडल्यानडल्या घराला त्यातूनच कर्ज मिळते आणि व्याजही गटातच राहते. 5 हजारांना जेवू घातल्यावरही प्रभू येशूने उरलेले तुकडे वाया जाऊ दिले नाहीत. आपणही घरातला रुपया तसाच जपू या.